माणसं तीच, निशाणी उलटी

खलघाटचा नर्मदेवरचा पूल ओलांडला की धार जिल्हा लागतो, आणि पहिलाच आकडा समोर येतो तो ३५६. हा धरमपुरी विधानसभा मतदारसंघ. २०२३च्या डिसेंबरात भाजपचे कालूसिंह ठाकूर इथून ३५६ मतांनी निवडून आले. आमच्याकडे बेताच्या लग्नालासुद्धा याहून जास्त पानं उठतात. धामनोदला मला घ्यायला आलेला माझा मामेभाऊ गाडीची काच पुसता पुसता हे सांगत होता. तो धारला सरकारी शाळेत शिकवतो. निवडणूक आली की त्याला मतदान केंद्रावर पीठासीन अधिकारी म्हणून बसवतात. त्यामुळे त्याला गावं देवळांवरून किंवा बाजारावरून आठवत नाहीत, मताधिक्यावरून आठवतात.

"ताई, मांडवगड बघायला आली असतीस तर समजलं असतं," तो म्हणाला. "बदनावरला काय आहे? लसूण आहे, सोयाबीन आहे. अन् निकाल आहे."

मी निकालासाठीच आले होते. महाराष्ट्रात २०२२पासून पक्षांची जी फाटाफूट झाली, तिच्यावर आमच्या घरात, शेजारात, लोकलमध्ये, सगळीकडे एकच प्रश्न विचारून झाला होता : पक्ष बदलणाऱ्याला मतदार शिक्षा करतो की नाही? २०२४च्या जूनमध्ये लोकसभेचे निकाल लागले तेव्हा वाटलं, करतो. महाविकास आघाडीला ४८पैकी ३० जागा मिळाल्या. पाच महिन्यांनी विधानसभेचे निकाल लागले आणि महायुतीने २३०चा पल्ला गाठला, तेव्हा त्याच लोकांनी त्याच तोंडाने उलटं उत्तर दिलं. मला या प्रश्नाचं जुनं, मुरलेलं उत्तर हवं होतं. जिथे हा खेळ आमच्या आधी होऊन गेला आणि ज्याचे दोन-दोन निकाल लागून चुकले, असं ठिकाण. धार जिल्ह्यातलं बदनावर त्यात अगदी नेमकं बसतं.

गुजरीचा घाट चढून गाडी माळव्याच्या पठारावर आली. निमाडातली धूळ आणि ऊब खाली राहिली, वर हवेत गारवा होता. दोन्ही बाजूंना गहू वीतभर आलेला. मामेभावाने न विचारता खिडक्या वर केल्या आणि पुढचा आकडा सांगितला : एक.

ही धारची गोष्ट. २००८च्या विधानसभा निवडणुकीत भाजपच्या नीना वर्मा यांनी काँग्रेसचे बालमुकुंदसिंह गौतम यांना इथे एका मताने हरवलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि पुढे उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने ती निवडणूक रद्दही ठरवली. पण तोवर पाच वर्षांतली चार संपत आली होती. नंतर २०१३, २०१८, २०२३ अशा तिन्ही वेळा नीना वर्माच निवडून आल्या. "त्या एका मताचा मालक कोण, यावर धारमध्ये अजून भांडणं होतात," मामेभाऊ म्हणाला. "माझ्या ओळखीचे निदान दहा जण सांगतात की ते मत माझं."

धारला मामांचं घर जुन्या वस्तीत आहे. मामांचे आजोबा धार संस्थानात नोकरीला होते, त्यांच्याही आधीचे कोण कुठून आले ते कुणाला नीट ठाऊक नाही. धारच्या पवार राजांच्या मागोमाग आले, एवढंच. २९ नोव्हेंबर १७२८ला चिमाजी अप्पांनी आमझेऱ्याच्या लढाईत मुघल सुभेदार गिरधर बहादुराचा पराभव केला आणि माळव्याचं दार मराठ्यांना उघडलं. ते आमझेरा याच जिल्ह्यात आहे, धारहून फार लांब नाही. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५मध्ये धारच्या किल्ल्यात झाला. भोजशाळेतले शिलालेख १९०३मध्ये उजेडात आणणारे काशिनाथ कृष्ण लेले धार संस्थानच्या शिक्षण खात्यातले. मामींना यातलं काही सांगायला लागलं की त्या म्हणतात, "अहो, ते सगळं झालं, पण गॅसचा नंबर कधी लागणार ते सांगा." त्यांचं मराठी ऐकायला मला फार आवडतं. 'मी भाजी बनवून राहिले', 'टाइमावर या हं', आणि मध्येच एखादं अस्सल 'इश्श'.

रात्री जेवताना मामांनी हिशेब मांडला. धार, देवास, इंदूर या पट्ट्यात मराठी माणसाने सत्ता पाहिली, गमावली आणि पुन्हा मतपेटीतून मिळवली. देवासला तुकोजीराव पवार १९९०पासून २०१५मध्ये वारेपर्यंत आमदार होते, त्यांच्यानंतर गायत्रीराजे. इंदूरला चिपळूणच्या लेकीने, सुमित्रा महाजनांनी, १९८९ ते २०१४ या काळात लोकसभेच्या सलग आठ निवडणुका जिंकल्या. आणि बदनावरची सगळी उलटापालट ज्यांच्यामुळे झाली ते ज्योतिरादित्य शिंदे, म्हणजे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडच्या शिंद्यांचे वंशज. "तेव्हा तू परक्या मुलखात आलीस असं समजू नकोस," मामा म्हणाले. "इथली भानगडही आपल्यातलीच आहे."

सकाळी पोहे-जिलबी खाऊन निघालो. धारहून नागदा, कानवन आणि मग बदनावर. (हे नागदा छोटं. रेल्वेचं मोठं नागदा वेगळं, ते उज्जैन जिल्ह्यात.) रस्ता रतलामकडे जातो आणि चांगला आहे. ट्रकच्या मागे ट्रक, त्यात लसणाची पोती, मध्येच ऊसतोडीला निघालेल्या माणसांनी खचाखच भरलेला टेम्पो. काळी, भुसभुशीत जमीन. कानवनला चहा घेतला. चहावाल्याला मी सहज विचारलं, इथले आमदार कोण? त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "कौन से वाले? अभी वाले, कि पहले वाले? और पहले वाले में भी, कौन सी पार्टी वाले?"

हा प्रश्न विनोद म्हणून विचारलेला नव्हता. बदनावरची गेल्या काही निवडणुकांची हकिकत सांगायची तर असे तीन प्रश्न विचारावेच लागतात.

मामेभावाच्या गाडीत एक जुनी वही असते, तिच्यात हे सगळं लिहिलेलं आहे. २०१३ : भाजपचे भंवरसिंह शेखावत ७३,७३८, काँग्रेसचे राजवर्धनसिंह दत्तीगाव ६३,९२६. शेखावत जिंकले. २०१८ : दत्तीगाव ८४,४९९, शेखावत ४२,९९३. दत्तीगाव ४१,५०६ मतांनी जिंकले. मध्ये भाजपचे बंडखोर राजेश अग्रवाल अपक्ष उभे होते, त्यांनी ३०,९७६ मतं खाल्ली. वहीत इथे मामेभावाने पेन्सिलीने बेरीज केली आहे : शेखावत अधिक अग्रवाल, ७३,९६९. म्हणजे पाच वर्षांपूर्वी शेखावतांना जेवढी पडली होती जवळजवळ तेवढीच. भाजपच्या घरातलं धान्य होतं तेवढंच राहिलं, फक्त दोन कोठारांत विभागलं गेलं. आणि ते एकत्र केलं असतं तरी दत्तीगाव साडेदहा हजारांनी पुढेच राहिले असते. पुष्कळ लोक २०१८च्या निकालाचं खापर बंडखोरावर फोडतात, त्यांनी ही बेरीज बघावी.

आता पुढचं पान. दत्तीगाव हे बदनावरजवळच्याच दत्तीगाव ठिकाण्याचे, वडील प्रेमसिंह हेही काँग्रेसचे. २०१८मध्ये काँग्रेसचं सरकार आलं, पण कमलनाथांच्या मंत्रिमंडळात राजवर्धनसिंहांना जागा मिळाली नाही. मार्च २०२०मध्ये शिंदे काँग्रेसमधून बाहेर पडले, त्यांच्या बाजूने बावीस आमदारांनी राजीनामे दिले, त्यांत दत्तीगाव होते. सरकार पडलं. जुलैमध्ये ते भाजपच्या शिवराजसिंह चौहानांचे मंत्री झाले आणि त्यांच्याकडे उद्योग खातं आलं. नोव्हेंबरात अठ्ठावीस जागांच्या पोटनिवडणुका झाल्या, त्यांत बदनावर. काँग्रेसने आधी जाहीर केलेला उमेदवार ऐनवेळी बदलून कमलसिंह पटेल यांना उभं केलं. दत्तीगाव ९९,१३७, पटेल ६७,००४. फरक ३२,१३३.

म्हणजे ज्याने पक्ष सोडला त्याला आठ महिन्यांत याच लोकांनी बत्तीस हजारांनी निवडून दिलं. आता शेखावतांचं काय? ते भाजपमधले जुने. १९९३मध्ये इंदूरच्या पाच नंबर मतदारसंघातून आमदार झालेले. ज्या माणसाने त्यांना २०१८मध्ये हरवलं, तोच आता त्यांच्या पक्षाचा मंत्री होऊन त्यांच्या जागेवर बसलेला. सप्टेंबर २०२३मध्ये ते काँग्रेसमध्ये गेले. आणि १७ नोव्हेंबरला बदनावरकर मतदान यंत्रापुढे उभे राहिले तेव्हा तेच दोन चेहरे होते, फक्त निशाण्यांची अदलाबदल झालेली. पंजासमोर शेखावत, कमळासमोर दत्तीगाव. ३ डिसेंबरला निकाल लागला : शेखावत ९३,७३३, दत्तीगाव ९०,७५७. फरक २,९७६.

राज्यात त्या दिवशी भाजपने २३०पैकी १६३ जागा जिंकल्या होत्या. टीव्हीवर लाट, लाट चाललं होतं. त्या लाटेत मंत्री पडला.

बदनावर हे आडवंतिडवं पसरलेलं तालुक्याचं गाव आहे. चौपदरी रस्त्यावर उतरलं की ढाबे, टायरची दुकानं, मग बाजार. एक रस्ता उज्जैनकडे, एक रतलामकडे, एक पेटलावदमार्गे थांदल्याकडे, म्हणजे भिलांच्या मुलखात. गावात बैजनाथ महादेवाचं परमारकालीन देऊळ आहे. त्याच्या भिंतीला टेकून एक म्हातारे गृहस्थ विड्या वळत बसले होते. त्यांना देवळाचं वय विचारलं तर "राजा भोज" एवढंच म्हणाले आणि हात पूर्वेकडे फिरवला. काही अभ्यासकांच्या मते जैन आचार्य जिनसेनांनी शके ७०५मध्ये, म्हणजे इसवी सन ७८३ला, ज्या वर्धमानपुरात 'हरिवंशपुराण' रचलं ते वर्धमानपूर म्हणजेच बदनावर. दुसरे काही ते गुजरातेत, वढवाणला नेतात. मी मत द्यायचं तर बदनावरला देईन, पण त्यामागे अभ्यास काही नाही, आदल्या रात्री ऐकलेल्या गोष्टींचा परिणाम.

मंडीत सोयाबीनचे ढीग. मामेभावाचा एक जुना विद्यार्थी तिथे अडत्याकडे हिशेब लिहितो, त्याच्या गादीवर बसलो. हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, मंडीतला त्याहून कमी, मधला फरक राज्य सरकार भावांतर योजनेतून देणार. त्यामुळे आधी नोंदणी, मग कागद, मग बँक खातं. शेतकरी आपले मोबाइलवर काहीतरी दाखवत होते आणि तो मुलगा न बघता "हो जायेगा" म्हणत होता. जरा गर्दी ओसरल्यावर मी माझा प्रश्न काढला. पक्ष बदलणाऱ्याला शिक्षा होते की नाही?

अडत्या पाटीदार, साठीचा. त्याने प्रश्न ऐकून घेतला आणि मलाच विचारलं, "कुणाला करायची? २०२३मध्ये दोघेही बदललेले होते."

हे माझ्या लक्षातच... नाही, लक्षात होतं, वहीतच लिहिलेलं होतं. पण तिथे गादीवर बसून ऐकल्यावर त्याचं वजन कळलं. शिक्षा करायला एक तरी स्वच्छ उमेदवार समोर लागतो. बदनावरच्या मतदाराला तो पर्यायच उरला नव्हता. मग त्याने कशावर निवडलं?

याची उत्तरं मंडीत माणसागणिक वेगळी मिळाली. कुणी म्हणालं, मंत्री झाल्यावर दत्तीगाव भोपाळचे झाले. कुणी म्हणालं, शेखावत तर मुळातच इंदूरचे, ते कुठे इथले आहेत? एक जण, काँग्रेसचा जुना कार्यकर्ता, फार कडवट बोलला : "मी तीस वर्षं कमळाविरुद्ध बोललो. शेवटी ज्याच्याविरुद्ध बोललो त्याच्यासाठी पोलिंग एजंट म्हणून बसलो." त्याच्या शेजारी बसलेला भाजपचा कार्यकर्ता हसला नाही. म्हणाला, "माझंही तेच. निशाणी वेगळी एवढंच." दोघे मग एकाच मोटारसायकलवरून जेवायला गेले.

मला वाटतं, या दोघांच्या तक्रारीत निकालाचं अर्धं उत्तर आहे. २०२०मध्ये दत्तीगावांना ९९,१३७ मतं होती आणि तीन वर्षांनी ती ८,३८० नी घटली. पण पंजाची मतं २६,७२९ नी वाढली. मतदान वाढलं, नवे मतदार आले, हे धरूनही पंजाकडे जी नवी मतं आली त्यांतली बरीच मुळात कमळाची असणार, शेखावतांच्या मागोमाग आलेली. मतपत्रिका गुप्त असल्यामुळे हे छातीठोक सांगता येत नाही. मामेभाऊ म्हणतो, केंद्रनिहाय आकड्यांचा फॉर्म २० उघडून बघ, कुठल्या गावात काय उलटलं ते दिसतं. त्याच्या हातून तर त्याच्या केंद्राचा फॉर्म १७-सी जातो, मतदान संपलं की किती मतं पडली ते लिहून एजंटांच्या सह्या घेऊन त्यांना प्रत द्यायची. थंडीत, गावाबाहेरच्या शाळेत, बल्बच्या उजेडात. "तिथं एजंटाचं तोंड बघून निकाल कळतो," तो म्हणाला. "पण तोंड फॉर्ममध्ये लिहायला जागा नसते."

मला मात्र बदनावरची एक गोष्ट महाराष्ट्रापेक्षा जास्त मानाची वाटते आणि ती इथे सांगून टाकते. मध्य प्रदेशातल्या फुटीर आमदारांनी राजीनामे दिले. हेतू काय होता, पाठीमागे काय व्यवहार होता, ते सोडा. पक्षांतरबंदी कायद्याच्या कचाट्यातून सुटायला तोच रस्ता सोपा होता, हेही खरं. पण राजीनामा दिला म्हणजे पोटनिवडणूक आली आणि मतदाराला आठ महिन्यांत विचारावं लागलं. आमच्याकडे कुणीच राजीनामा दिला नाही. खरा पक्ष कुणाचा यावर निवडणूक आयोगात, विधानसभा अध्यक्षांच्या दालनात, सर्वोच्च न्यायालयात तारखा पडत राहिल्या, आणि मतदाराने आपलं मत सांगायला दोन वर्षं वाट पाहिली. तोपर्यंत राग शिळा झाला होता किंवा दुसरीकडे वळला होता. बदनावरने बत्तीस हजारांनी माफ केलं असेल, पण ताज्या रागाने विचार करून माफ केलं.

दुपारी जेवायला दाल-बाफले होते. बाफले तुपात बुडवून देताना ढाबेवाला म्हणाला, "मॅडम, एक और." दोनानंतर माणसाला राजकारणावर बोलता येत नाही. मी मामेभावाला राष्ट्रपतींबद्दल विचारलं, म्हटलं जरा हलकं होईल.

"बदनावरचं राष्ट्रपतीला मत एकशे एकतीस," तो लगेच म्हणाला.

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत आमदाराच्या मताची किंमत राज्याच्या १९७१च्या लोकसंख्येवरून ठरते. मध्य प्रदेशात ती १३१ येते, महाराष्ट्रात १७५. खासदाराची २०२२मध्ये ७०० होती. जुलै २०२२मध्ये द्रौपदी मुर्मू निवडून आल्या, देशाच्या पहिल्या आदिवासी राष्ट्रपती. थांदल्याकडच्या भिल वस्त्यांत त्या निकालाचा आनंद मोठा झाला असणार. आता बघा गंमत : २०१८मध्ये बदनावरने काँग्रेसचा आमदार दिला होता. पाच वर्षांची मुदत धरली तर जुलै २०२२मधला तो १३१चा गठ्ठा काँग्रेसच्या बाकावरून पडायचा होता. तो भाजपच्या मंत्र्याच्या हातून पडला. कुणाला पडला हे गुप्त मतदान असल्यामुळे सांगायचं नाही, पण बाक कोणता होता ते सगळ्यांना माहीत आहे. पोटनिवडणुकीत लोकांनी मान्यता दिली होती म्हणून त्यात बेकायदा काही नाही. तरी एका माणसाने बाजू बदलली की राष्ट्रपती भवनापर्यंतचा हिशेब कसा सरकतो, हे मला बाफल्यांच्या गुंगीतही जाणवलं.

थेट मतदानाने राष्ट्रपती निवडणाऱ्या देशांत हा प्रश्न येत नाही. तिथे दुसरे येतात. बाल्कनमधल्या उत्तर मॅसेडोनियात ८ मे २०२४ला संसदेची निवडणूक आणि राष्ट्राध्यक्षपदाची दुसरी फेरी एकाच दिवशी झाली. मतदाराच्या हातात दोन मतपत्रिका आणि दोन्हींत एकाच पक्षाची सरशी. गोर्दाना सिल्यानोव्स्का-दाव्कोवा पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि त्यांच्या पक्षाच्या आघाडीने संसदेतल्या १२० पैकी ५८ जागा घेतल्या. उलट सर्बियात ६ मे २०१२ला दोन्ही मतदानं एकाच दिवशी झाली. राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत बोरिस तादिच निसटते पुढे होते. दोन आठवड्यांनी दुसऱ्या फेरीत तोमिस्लाव निकोलिच जिंकले. हे निकोलिच चार वर्षांपूर्वीच आपला जुना कट्टर पक्ष सोडून नवा काढून बसलेले. आणि तादिच यांच्या पक्षाबरोबर आधीच्या सरकारात असलेले इविका दाचिच कूस बदलून नव्या आघाडीत गेले आणि पंतप्रधान झाले. बदनावरच्या अडत्याला ही गोष्ट सांगितली असती तर त्याला एकाही पात्राची ओळख करून द्यावी लागली नसती.

उत्तर मॅसेडोनियानंतर पाचच दिवसांनी, १३ मे २०२४ला, धार लोकसभा मतदारसंघात मतदान झालं. हा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव, आठ विधानसभांचा : सरदारपूर, गंधवानी, कुक्षी, मनावर, धरमपुरी, धार, बदनावर आणि महू. सहा महिन्यांपूर्वीच्या विधानसभेत या आठांपैकी पाच काँग्रेसने घेतल्या होत्या. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला तेव्हा भाजपच्या सावित्री ठाकूर २,१८,६६५ मतांनी जिंकल्या आणि केंद्रात राज्यमंत्री झाल्या. २०१४मध्ये त्याच १,०४,३२८ मतांनी जिंकल्या होत्या, २०१९मध्ये छतरसिंह दरबार १,५६,०२९ नी. दर खेपेला पन्नास-साठ हजारांनी वाढ.

शेजारच्या इंदूरला काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला होता. तिथे 'नोटा'ला २,१८,६७४ मतं पडली. धारचं मताधिक्य आणि इंदूरचा नोटा यांत नऊचा फरक. मामेभावाने हे वहीत लाल शाईने चौकट करून लिहून ठेवलंय. त्यातून काहीही सिद्ध होत नाही, पण मी ही चौकट विसरणार नाही.

देशभर 'एक देश, एक निवडणूक' या कल्पनेवर चर्चा चालू आहे. कोविंद समितीचा अहवाल मार्च २०२४मध्ये आला, डिसेंबरात विधेयकही लोकसभेत मांडलं गेलं. खर्च वाचतो, शिक्षकांची वर्षं वाचतात, मामेभावाची तर पाठदुखी वाचेल. तरीही धारचे ते दोन निकाल, पाच-तीन आणि सव्वादोन लाख, एकाच दिवशी एकाच रांगेत लागले असते असं मला वाटत नाही. मधले सहा महिने लोकांना लागतात. भोपाळचा हिशेब वेगळ्या पाटीवर आणि दिल्लीचा वेगळ्या, हे सगळ्यांना जमतं, पण पाटी पुसायला थोडा वेळ हवा. माझ्या या मताला मामेभाऊ अजिबात सहमत नाही. तो म्हणतो, तुला एकदा पीठासीन करायला पाहिजे.

संध्याकाळी उन्हं कलल्यावर भैंसोल्याकडे गेलो. १७ सप्टेंबर २०२५ला पंतप्रधानांनी इथे पीएम मित्र या वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी केली. देशभर असे सात पार्क होणार, त्यांतला हा मध्य प्रदेशचा. दोन हजारांहून जास्त एकर जमीन. २०२३च्या मार्चमध्ये धारचं नाव जाहीर झालं तेव्हा राज्याचे उद्योगमंत्री दत्तीगाव होते. पायाभरणीच्या वेळी आमदार शेखावत होते, विरोधी पक्षाचे. श्रेयाची भांडणं आणखी काही निवडणुका पुरतील. जमीन मोकळी, मोठी, लालसर काळी. वाटेवर एक टपरी. कचोरी, शेव, चहा.

टपरीवर एक बाई बसल्या होत्या, नातवाला घेऊन. मराठी बोलताना ऐकून त्यांनी विचारलं, महाराष्ट्रातून का? मग थेट मुद्द्यावर आल्या : "तुमच्याकडे बहिणींना पंधराशे देतात म्हणे?" देतात, मी म्हटलं. इथे २०२३च्या जूनमध्ये लाडली बहना हजार रुपयांनी सुरू झाली, निवडणुकीच्या तोंडावर साडेबाराशे झाली. त्याच योजनेवरून आमची लाडकी बहीण बेतलेली. "आम्ही आधी सुरू केलं आणि तुमची सुरुवातच पंधराशेने," त्या म्हणाल्या, अगदी जावेने जावेला म्हणावं तसं. मग त्यांनीच सांगितलं की बदनावरमध्ये त्या पैशांनीसुद्धा मंत्री वाचला नाही. "पैसे सरकारचे. ते तर घेणारच. पण आमदार आमच्या गल्लीत येतो की नाही, ते आम्ही बघणार ना?" आणि शेखावत येतात का, विचारलं तर म्हणाल्या, "अजून मुदत आहे त्यांना."

त्यांचा मुलगा सुरतला यंत्रमागावर आहे. धाकटा इथेच, बारावी झालेला, आमच्या बोलण्यात मगाचपासून लक्ष ठेवून होता. हळूच म्हणाला, मॅडम, मित्र पार्कमध्ये भरती सुरू झाली की पगार किती मिळेल? मला माहीत नव्हतं. मग त्याने विचारलं, मालेगाव तुमच्याकडेच ना, तिथे लूमवाल्याला काय देतात? माझ्या ओळखीचे एक गृहस्थ मालेगावला आहेत, त्यांचेच माग आहेत. फोन लावून दिला. पोराने फोन घेतला तो थेट पाळी किती तासांची, रात्रपाळीला जादा मिळतं का, राहायची सोय कुणाची, असे एकामागून एक प्रश्न सुरू केले. आमदार कोण, पार्क कुणी आणला, याबद्दल त्याने एक अक्षर विचारलं नाही. मामेभावाने तेवढ्यात आणखी दोन कचोऱ्या सांगितल्या.